रॅपच्या व्हिडिओतली आई

डहाणूच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा शूटिंग करतो, मी एडिटिंग. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग, आणि बारा महिने न चुकता येणारं काम म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून फ्रेम करून देणं. लोक आधार कार्डावरचा फोटो आणतात आणि म्हणतात, "जरा हसरे करा." मी करते. पाठीमागची भिंत पुसते, डोळ्यांत थोडी चमक टाकते. त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी एका गाण्याच्या व्हिडिओसाठी जे केलं, त्याची किळस मात्र अजून अंगावरून उतरलेली नाही.

गाणं ज्याचं होतं तो समुद्राकडच्या एका चिकू बागायतदाराचा मुलगा. चोवीस-पंचवीस वर्षांचा. मुंबईत शिकून आलेला. वाडीत दुमजली बंगला, दारात दोन गाड्या. वागायला उद्धट अजिबात नव्हता. मला ताई म्हणायचा, नवऱ्याला दादा. एका दुपारी येऊन त्यानं टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. त्यात अकरा रॅप व्हिडिओ होते.

"ताई, हे रेफरन्स आहेत. असा वाइब पाहिजे. पण आपला. रॉ. मातीतला."

मी दोन दुपारी बसून ते अकराच्या अकरा पाहिले, वही घेऊन. लग्नाच्या व्हिडिओला जशा ठरलेल्या जागा असतात, हळद, अक्षता, पाठवणी, तशा यांनाही होत्या. गाणारा नेहमी वर आणि कॅमेरा खाली, गुडघ्याजवळ. म्हणजे बघणाऱ्यानं मान वर करूनच बघायचं. त्याच्या मागे दहा-पंधरा पोरं, हाताची घडी, चेहऱ्यावर राग. ही पोरं कोण, कशाला रागावलीत, ते कधी कळत नाही. कॅमेरा कुणाच्या तोंडावर एका सेकंदाच्या वर थांबत नाही. त्यांचं काम भिंतीचं. साखळीला बांधलेला कुत्रा, तो याच्यातला राग. गाडी म्हणजे पोचलो. बोट थेट काचेकडे, म्हणजे तुला सांगतोय. उन्हातसुद्धा टोपीचं जाड जॅकेट, कारण ते जॅकेट जिथून आलं तिथं थंडी असते. आपल्याकडे ते नुसतं चिन्ह म्हणून घालायचं आणि घामानं भिजायचं.

आणि आई. अकरापैकी नऊ व्हिडिओंत आई होती. तिला कामं तीनच. दारात उभं राहून वाट बघणं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवणं आणि मरणं. मी वहीत लिहिलं होतं, "आई – दार, हात, फोटो." त्या वेळी मला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बरं झालं, शॉटलिस्ट तयारच झाली."

गाणं त्यानं आम्हाला मोबाइलवर ऐकवलं. पत्र्याखाली जन्मलो, उपाशी निजलो, आईनं दुसऱ्याच्या वाडीत घाम गाळला आणि मी आज इथवर आलो, असा त्याचा मतलब. आवाज चांगला होता त्याचा, ठेका पक्का. मी विचारलं, "ही कोणाची गोष्ट आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे उपाशी कोण निजलं?"

तो हसला. "ताई, ते कॅरेक्टर आहे. रॅपमध्ये स्ट्रगल लागतो. स्ट्रगल नसेल तर कोण ऐकणार?"

ज्या वाडीत आईनं घाम गाळला ती वाडी याच्या बापाची आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी काम घेतलं. पावसाळ्याचे दिवस, लग्नं बंद, स्टुडिओत माश्या मारत बसलो होतो आम्ही.

आई म्हणून त्यानं एक मावशी ठरवली होती. तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरची, साठीच्या आसपासची. तीस-एक वर्षं याच्या वाडीत कामाला येत होती. सकाळी टेम्पो बायकांना पाड्यांवरून उचलतो, संध्याकाळी सोडतो, त्यातली एक. तोच म्हणाला, "मावशीनं मला लहानपणी सांभाळलंय. तिच्याइतकी परफेक्ट कोणी नाही."

शूटिंगला आम्ही तिच्या पाड्यावर गेलो तेव्हा ती दारात उभी होती. पोपटी रंगाची नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, पायांत नव्या चपला. मागे तिचं घर. घरकुलातलं, सिमेंटचं, गुलाबी रंग दिलेलं, दाराला निळा ऑइलपेंट, छपरावर डिश. अंगण शेणानं सारवलेलं, स्वच्छ. मी पुढं होऊन नमस्कार केला. म्हटलं, "मावशी, साडी छान दिसतेय."

"पोरीनं घेतली," ती म्हणाली. तिची बोली मी इथं सरळ करून लिहितेय. "म्हटली, आई, टीव्हीत दिसणार तू, जुनी नको नेसू."

मी माझ्या कॅमेऱ्यानं तिचे दोन-तीन फोटो काढले. ती मोकळी हसली. पुढचे दोन दात नव्हते, ते लपवण्यासाठी तिनं तोंडावर हात नेला आणि मग काय वाटलं कोण जाणे, हात खाली घेतला. एक फोटो फार सुरेख आला.

तेवढ्यात तो गाडीतून उतरला. घराकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"हे काय? हे तर पिंक आहे."

"गेल्या वर्षी रंग दिला, शेट," मावशी अभिमानानं म्हणाली.

त्याच्याबरोबर मुंबईहून एक सजावटवाला आलेला. दोघं थोडा वेळ बाजूला बोलले. मग पाड्यावरच्या एका पडक्या गोठ्याचा कारवीच्या काठ्यांचा कूड सोडवून आणला आणि तो गुलाबी भिंतीसमोर उभा केला. त्यावर माती थापली. सजावटवाल्यानं डब्यातून पांढरा रंग काढला आणि मातीवर ब्रशनं वारली माणसं काढायला घेतली, तारपा वाजवणारा, त्याभोवती फेर. पाड्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. एकीनं मला विचारलं, "लगीन कुणाचं?" त्यांच्याकडे भिंतीवर चौक लिहितात तो लग्नात, तांदळाच्या पिठानं, सवाष्णी लिहितात. मी म्हटलं, "लग्न नाही, गाणं आहे." तिला ते काही पटलेलं दिसलं नाही.

डिश काढली. प्लास्टिकच्या खुर्च्या आत टाकल्या. मग तो मावशीकडे वळला.

"मावशी, ही साडी नको. जुनं लुगडं नाही का? फाटकं असलं तर बेस्ट."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी बाई होते म्हणून बघितलं असणार. मी लॅपटॉपच्या वायरी सोडवत होते. मी म्हणाले, "सीनसाठी आहे, मावशी." एवढंच म्हणाले. ती आत गेली आणि जुनं लुगडं नेसून आली. केसांतला गजरा त्यानंच काढून घ्यायला सांगितला.

त्या दिवशी मी बराच वेळ चिंचेखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन कॅमेऱ्यांची कार्डं रिकामी करत बसले होते. समोर काय चाललंय त्याकडे निम्मंच लक्ष. पाड्यावरच्या दहा-बारा पोरांना त्याच्या मागे हाताची घडी घालून उभं केलं. एकजण सारखा हसत होता, त्याला काढलं. मावशी दारात उभी राहिली, मग बसली, मग परत उभी राहिली. तो गाडीतून उतरून येतो, तिच्या पाया पडतो, ती डोक्यावरून हात फिरवते. हे सहा वेळा झालं. मावशीला कुणी काही शिकवायला लागलं नाही. ती दर वेळी त्याच्या केसांवरून खरोखरीचा हात फिरवत होती, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा, मागून मानेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मी एडिटिंगला बसले. आम्ही दोन कॅमेरे लावले होते. एक नवऱ्याच्या हातात, एक बाजूला तिपाईवर, तो सलग चालू. नवऱ्याच्या कॅमेऱ्यात शॉट "कट" म्हटल्यावर संपत होता. तिपाईवरच्या कॅमेऱ्यात संपत नव्हता.

त्यात मी पाहिलं. तो वाकला, मावशीच्या पायांना हात लावला, तिनं डोक्यावरून हात फिरवला. कट. तो उठला, एकाकडे हात पुढे केला, त्यानं ओला टिश्यू दिला. यानं दोन्ही हात पुसले. बोटांच्या मधून. मग मानेमागून पुसलं, जिथं तिचा हात लागला होता तिथं. टिश्यू अंगणात टाकला. मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी होती, बघत होती. दुसऱ्या टेकनंतर परत. तिसऱ्यानंतर परत. चौथ्यानंतर तिनं वाकून ते टिश्यू गोळा केले, सारवलेल्या अंगणातून, आणि कोपऱ्यात नेऊन टाकले.

मी ते मागे नेऊन परत पाहिलं. मी उठून पाणी प्यायले. नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "गरम होत होतं त्याला. घाम असेल."

"मग मावशीच्या हाताचीच जागा कशी पुसली?"

"तू काप ना. आपल्याला कुठं ते दाखवायचंय?"

मी कापलं. हेच माझं काम. हात केसांवरून मानेपर्यंत येतो तिथवर ठेवलं आणि पुढचं टाकून दिलं. वर तो शॉट संथ केला, इतका की तिच्या बोटांच्या सुरकुत्या मोजता याव्यात. मागं बासरी चढवली. मला चांगलं माहीत होतं की याच ठिकाणी लोकांच्या डोळ्यांत पाणी येणार. मनात शिसारी आणि हातात सफाई, अशी मी दोन दिवस बसले होते. सफाईचंच जास्त वाईट वाटतं. एखादी फ्रेम पुढं-मागं झाली असती तर तो पुसण्याचा हात दिसला असता. मी होऊ दिली नाही.

याच सुमारास त्याचा फोन आला. "ताई, मावशीचा एक मस्त फोटो फ्रेम करून द्याल? मोठा."

मला बरं वाटलं. वाटलं, देणार असेल तिला भेट. मनाशी म्हटलंही, अगदीच काही दगड नाही. पोपटी साडीतला, हसरा, दात न लपवलेला तो फोटो मी निवडला. एरवी मी रंग उजळते, त्यात काही केलं नाही. सोनेरी पट्टीची चांगली फ्रेम लावली आणि पाठवून दिली.

उरलेल्या शूटिंगला मी गेले नाही, नवरा गेला. अच्छाडला हायवेवर ढाब्यासमोर ट्रक रांगेनं उभे असतात, त्यांच्या मधून गाडी काढली. वाढवणलाही गेले. तिथं होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात घरांवर काळे झेंडे लागलेले. याला ते झेंडे मागे हवे होते, बंडखोर दिसायला. नवरा सांगत होता, किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या चार बायका उठून आल्या. म्हणाल्या, "गाणं बंदरावर आहे का?" हा म्हणाला, "नाही, माझ्या लाइफवर आहे." त्या म्हणाल्या, "मग तुझ्या लाइफचे झेंडे घेऊन ये. हे आमचे आहेत." आणि उभं राहू दिलं नाही. नवरा हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. त्या बायकांनी जे दोन वाक्यांत केलं ते मला पाड्यावर जमलं नव्हतं.

शेवटचं कार्ड बंगल्यात काढलेलं. ते लॅपटॉपवर उघडलं आणि माझा हात थांबला. बंगल्याची पांढरी भिंत, त्यावर माझी सोनेरी पट्टीची फ्रेम. फ्रेमला चंदनाच्या सालींचा हार. खाली निरांजन. तो फोटोसमोर उभा, काळा चष्मा काढतो, वर छताकडे बघतो. आई मेली. मुलगा मोठा झाला, पण बघायला ती नाही.

वहीतलं आईचं तिसरं काम. दार, हात, फोटो.

"तुला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"तिथं गेल्यावर कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली होतीस, लुगड्याच्या वेळी?"

मी त्या तरुणाला फोन केला. म्हटलं, "ती जिवंत आहे. तिला विचारलंयस?" तो म्हणाला, "ताई, सिम्बॉलिक आहे ते. सगळ्यांना कळतं." मी शॉट ठेवला. व्हिडिओ पूर्ण केला. त्याच्याकडून अपलोड होत नव्हता म्हणून आमच्याच कॉम्प्युटरवरून त्याच्या चॅनेलवर चढवूनही दिला. खाली पटापट लिहून यायला लागलं, रडलो भावा, आईची आठवण आली, लास्ट सीनला काटा आला.

आठवडाभरानं स्टुडिओच्या दारात मावशी आणि तिची मुलगी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी अंगणवाडीत मदतनीस आहे, तिशीतली, नीटनेटकी, बोलायला ठाम. चपला बाहेर काढून आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"मॅडम, माझी आई मेली का?"

मी खुर्च्या पुढं केल्या. मावशी बसली, मुलगी बसली नाही. तीच सांगत होती. मावशीचा थोरला भाऊ सायवनच्या बाजूला राहतो. सत्तरीचा, डोळे अधू. त्याच्या घरातल्या कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं होतं. त्यानं बहिणीचा फोटो बघितला, हार बघितला, दिवा बघितला. कुणाला फोन लागेना. तसाच रिक्षा करून, घरातल्या तीन बायका घेऊन तो निघाला. पाड्याच्या सुरुवातीपासून बायकांनी रडायला सुरुवात केली. इकडे मावशी अंगणात वाल सोलत बसली होती. रडणं ऐकून तीच उठून उभी राहिली, कोण गेलं म्हणून बघायला.

"मामा तिला बघून खालीच बसला," मुलगी म्हणाली. "पाणी पाजलं. मग उठला आणि आईच्या थोबाडीत मारली. या वयात. म्हणाला, कुणाला विकलास तुझा फोटो?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "बाय, मला ते मोठं करून दाखव. पोरीच्या मोबाइलवर बारीक दिसतं."

मी दाखवू नये असं मला फार वाटत होतं. दाखवलं. मोठ्या स्क्रीनवर तिनं पहिल्यापासून बघितलं. मध्येच बोट करून थांबवायला सांगायची.

"हे घर कुणाचं?"

"तुमचंच. समोर कूड लावला होता ना."

"हा तर ढोरांच्या गोठ्याचा. माझं घर कुठंय?"

"मागं झाकलंय."

"घर बांधायला तीन वर्षं गेली," ती मुलीकडे बघून म्हणाली, मला सांगितल्यासारखं नाही. मग पुढं बघायला लागली. पोरांची रांग आली. तिनं एकेकाची नावं घेतली, हा अमक्याचा, हा तमक्याचा. अकरा व्हिडिओ बघूनही मी त्या मागच्या पोरांकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग पाया पडण्याचा शॉट आला. बासरी वाजली. ती पुढं झुकली.

"इथं त्यानं हात पुसला होता."

मी व्हिडिओ थांबवला.

"ते कुठंय?"

"कापलं, मावशी."

"कुणी?"

"मी."

तिनं मान हलवली, चांगलं-वाईट काही न म्हणता. थोड्या वेळानं म्हणाली, "लहान असताना माझ्या ताटातला भात खायचा. वाडीत मी जेवायला बसले की येऊन मांडीवर बसायचा. शेटाणी ओरडायची, तरी यायचा." एवढं बोलून ती पुढचं बघायला लागली. शेवटचा फोटो आला तेव्हा मुलीनं तोंड फिरवलं. मावशीनं मात्र नीट बघितलं.

"तो फोटो मला पाहिजे," ती म्हणाली. "त्याच्या घरात माझा हार घातलेला फोटो नको. तू आणून दे."

मी त्याच दिवशी वाडीत गेले. तो पोर्चमध्ये गाडी धुऊन घेत होता. मला बघून खूश झाला, ताई, बघितलंत का, किती चाललंय म्हणाला. मी सगळं सांगितलं. भावाचं, रडत आलेल्या बायकांचं, थोबाडीत मारल्याचं. तो लक्षपूर्वक ऐकत होता. त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे ताई, इतकं रिअल वाटलं लोकांना!"

त्या क्षणी मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. म्हटलं, "तो शॉट काढ. मी नवीन कापून देते, आजच्या आज."

"ताई, तोच तर शेवट आहे. आई मेल्याशिवाय सक्सेसला काय अर्थ? आणि मावशीला राग यायचं कारण काय? तिला मी आईचा मान दिलाय."

"तू हात पुसलेस."

त्याला खरंच कळलं नाही. "कधी?"

"पाया पडल्यावर. दर वेळी."

"अहो, तिथं शेण होतं," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. त्याला त्यात लपवण्यासारखंही काही वाटलं नव्हतं.

फोटो मागितला तर म्हणाला, न्या की, शूट झालंय. गॅरेजमध्ये जुन्या टायरांना टेकवून ठेवला होता, हारासकट. काचेवर पाण्याचे शिंतोडे. मी तो उचलला, पदरानं काच पुसली आणि निघाले.

स्टुडिओत आल्यावर कॉम्प्युटर उघडला. त्याचं चॅनेल अजून आमच्याकडे चालू होतं. मी व्हिडिओ काढून टाकला. नवऱ्याला न विचारता. संध्याकाळी त्या मुलाचे वडील दुकानात आले. आरडाओरडा केला नाही, शांतपणे म्हणाले की हे तुम्ही बरं केलं नाहीत, आमच्या ओळखीत आता तुम्हाला कोण बोलावतं बघू. ते खरं झालं. त्या हंगामात त्यांच्या नात्यागोत्यातली लग्नं आमच्याकडे आली नाहीत. आणि व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी परत चढला. मुलाकडे प्रत होतीच. हार, दिवा, सगळं तसंच. या वेळी पासवर्ड बदललेला. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काढायचाच होता तर चढवलास कशाला?"

फोटो द्यायला मी पाड्यावर गेले. गुलाबी भिंतीला कूड बांधल्याच्या दोरीचे ओरखडे होते. मावशी आता त्या वाडीत जात नव्हती. पाड्याजवळच कुणाच्या तरी शेतात लावणीला जायची. तिनं फ्रेम मांडीवर घेतली. हार आधीच मी काढून टाकला होता. ती बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "हसतेय."

"घरात लावा ना, मावशी. हार नाही आता."

"नाय. दिवा लागलाय याला." तिनं मुलीला हाक मारली, मागचे खिळे काढायला लावले. फोटो बाहेर काढून आत गेली आणि चुलीत घातला. फोटोचा कागद जळताना जो उग्र वास येतो तो अंगणापर्यंत आला. फ्रेम मुलीनं ठेवून घेतली. अंगणवाडीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं तिचं, ते त्यात बसेल म्हणाली.

मी बॅगेतून कॅमेरा काढला. वाटेत ठरवून आले होते. म्हटलं, "मावशी, पोपटी साडी नेसा. मी तुमचा छोटा व्हिडिओ करते. हे घर, तुम्ही, तुमच्या तोंडून दोन शब्द. मी जिवंत आहे म्हणून. भावाच्या गावात दाखवता येईल, लोकांना कळेल."

ती चुलीपाशी बसली होती. वळून बघितलं.

"आणि त्यातलं काय कापशील?"

"काही नाही."

"आता नाय म्हणतेस," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. "भावाला मी चालत जाऊन भेटून आले. त्यानं हात लावून बघितलं. तुझा कॅमेरा ठेव आत, बाय. आमच्यावर आता काही काढू नको."

मी कॅमेरा आत ठेवला. मुलीनं कोरा चहा दिला. मावशी लावणीचं बोलत राहिली, पाऊस कसा थांबून थांबून पडतोय ते. निघताना मुलगी रस्त्यापर्यंत आली. तिनं मला दोष दिला नाही आणि परत या असंही म्हटलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे रॅपची आणखी दोन कामं आली. आमचं नाव झालंय ना त्यात. पहिल्याला मी नाही म्हटलं. त्याला पाड्यावर शूटिंग हवं होतं, चेहरे रॉ मिळतात म्हणाला. तो दुसऱ्या स्टुडिओत गेला आणि पाडा त्याला मिळालाच असणार. दुसऱ्याचं काम आम्ही घेतलं. नवरा म्हणाला, घरात बसून किळस करत राहिल्यानं वीजबिल भरलं जात नाही, आणि त्यात फक्त गाड्या आणि समुद्र होता. मी एडिटिंगला बसले. चार तास बसल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक शॉट "कट" म्हटल्यानंतरही मी बराच वेळ चालू ठेवून बघतेय, पुढं कोण काय पुसतंय म्हणून. तिपाईवरच्या कॅमेऱ्यात त्या दिवशी काही सापडलं नाही. समुद्र होता, वारा होता, चार पोरं सिगारेट ओढत उभी होती.